लिव्हरमध्ये पसरलंय आणि डॉक्टर नुसती गोळी देतायत? मदत हवी आहे

चिमणी_पुणे
लांबण लावत नाही. आईच्या लिव्हरमध्ये गेलंय, पेट स्कॅनमध्ये चार ठिकाणी दिसलं. डॉक्टर म्हणतात केमो नको, गोळी सुरू करू. एवढं पसरलंय आणि नुसती गोळी? आमच्याकडे पैसे नाहीत असं वाटलं का त्यांना? मी माझ्या लिव्हरचा तुकडा द्यायला तयार आहे, ब्लडग्रुप एकच आहे. ट्रान्सप्लांट मुंबईत चांगलं होतं की चेन्नईला? सोमवारी परत बोलावलंय. लवकर सांगा प्लीज.

तर्रीबाज
काय पसरलंय? मूळ कुठलं? वय, गाव, आधी काय उपचार झाले? ज्योतिषी समजलात का आम्हाला?

चिमणी_पुणे
ब्रेस्ट कॅन्सर. लिहिलं नव्हतं का? सॉरी. २०१९ ला डावीकडचं ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन), मग पाच वर्षं रोज एक गोळी. गेल्या वर्षी ती बंद केली. वय ६१. आईपप्पा कराडला, मी पुण्यात. ट्रान्सप्लांटचं कुणी सांगेल का?

निशिगंध७२
ताई, ट्रान्सप्लांट डोक्यातून काढा. सासूबाईंच्या वेळी आमच्या दिरांनीही हेच विचारलं होतं. तो लिव्हरचा कॅन्सर नाही, ब्रेस्टचाच आहे, फक्त बिऱ्हाड लिव्हरमध्ये केलंय. पेशी रक्तातून फिरतायत. लिव्हर बदललं तरी त्या राहणार, वर नवं लिव्हर टिकावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबायची औषधं. म्हणजे त्यांना रान मोकळं.
फाईलमध्ये आयएचसीचा, म्हणजे गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा कागद शोधा. त्यावर इआर, पीआर (हे हॉर्मोनचे) आणि हर-टू (हे एका प्रथिनाचं) असं असेल. ते काय आहे यावर सगळं ठरतं.

वनौषधीप्रेमी
गोळी आणि केमो दोन्ही विष आहे. गुळवेलीचा काढा रोज अर्धा कप, लिव्हर एकदम स्वच्छ. माझ्या मामेभावाची कावीळ आठ दिवसांत गेली.

तर्रीबाज
मामेभावाला कॅन्सर होता?

वनौषधीप्रेमी
नाही, पण लिव्हर ते लिव्हरच.

कोकणकडा
वनौषधीप्रेमी, कृपा करा. कोविडच्या काळात मुंबईत गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद चालू दे. पण जिच्या लिव्हरमध्ये आधीच चार गाठी आहेत तिच्यावर प्रयोग नको.

वनौषधीप्रेमी
मग परंपरा खोटी का? तुम्हा लोकांना परदेशी कंपन्याच लागतात.

सदाशिवराव
आयकराचं कुणीच सांगितलं नाही. जुनी करपद्धत घेतली असेल तर साठीच्या पुढच्या रुग्णाच्या खर्चावर १ लाखापर्यंत वजावट मिळते, तज्ज्ञाचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा. रेल्वेतही कॅन्सर रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे. कराडहून महालक्ष्मीने निघा, सकाळी मुंबईत.

तर्रीबाज
महालक्ष्मी कशाला, कोयना बरी.

सदाशिवराव
कोयनेने संध्याकाळी पोचून ओपीडीच्या कुलपाला नमस्कार करायचा का?

चिमणी_पुणे
मुंबईला जायचं असं कुठे म्हटलंय मी??
पप्पांनी फाईलचा फोटो पाठवला. इआर ८/८, पीआर ६/८, हर-टू १+. चांगलं की वाईट? आणि आईचा उजवा खांदा पंधरा दिवस दुखतोय. पप्पा रोज तेल चोळतात आणि ब्रुफेन देतात. जेवण चार घास.

निशिगंध७२
अहो, हे आधी सांगायचं!
खांद्याचं आधी. लिव्हर सुजलं की त्याच्यावरचं आवरण ताणलं जातं आणि दुखणं उजव्या खांद्यात जाणवू शकतं. तेल खुशाल चोळू दे, मायाच ती. ब्रुफेन मात्र आजच बंद, दुसरं काय द्यायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा. मॉर्फिन लिहून दिलं तर घाबरू नका, बद्धकोष्ठाचं औषध मात्र सोबत मागून घ्या.
आता गोळी. तो रिपोर्ट म्हणजे कॅन्सर हॉर्मोनवर पोसलेला आहे. अशात लिव्हर नीट काम करत असेल तर पहिला उपचार केमो नाही, गोळीच. जगभर हेच करतात, स्वस्तात उरकायचा प्रकार नव्हे. हॉर्मोनचं औषध आणि जोडीला कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी गोळी, पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब. पाल्बोचं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं, तेव्हापासून भारतीय कंपन्यांची मिळते आणि खूप स्वस्त पडते. २१ दिवस घ्यायची, ७ दिवस सुट्टी. पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून रक्त तपासत राहायचं. १००.४ च्या वर ताप गेला तर रात्र असो की दिवाळी, थेट हॉस्पिटल. आणि पपनस खायचं नाही.
सोमवारी दोनच गोष्टी विचारा. बिलिरुबिन (रक्तातला काविळीचा आकडा) किती आहे आणि झपाट्याने चढतंय का? चढत असेल तरच केमोची घाई. दुसरं, लिव्हरमधल्या गाठीची सुई तपासणी करणार का? हा रिपोर्ट २०१९ चा आहे, मधल्या काळात हर-टू वगैरे बदलू शकतं.

कोकणकडा
+१. दुसरं मत हवं असेल तर परळचं टाटा आहेच, पण गोळी कराडला राहूनही घेता येते. जायची वेळ आलीच तर दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. जेवणाचं म्हणाल तर ताट वाढूच नका. दोन-दोन तासांनी वाटीभर. आमच्या आईला पेज आणि मेतकूट चालायचं, वरण समोर आलं की तोंड फिरवायची.

चिमणी_पुणे
एक अडचण आहे. आईला माहीतच नाही. पप्पांनी 'लिव्हरला सूज आहे' एवढंच सांगितलंय. सुई तपासणी कशासाठी म्हणून सांगू?

तर्रीबाज
सांगूच नका. माणूस खचतो. आमच्या काकांना कळलं आणि महिन्यात गेले.

अबोली_सातारा
फक्त वाचत होते, आता राहवत नाही. मी स्वतः पेशंट आहे. लिव्हर आणि हाडं, तिसरं वर्ष. मला घरच्यांनी पित्त सांगितलं होतं. गोळीचं नाव मी मेडिकलच्या काउंटरवर डब्यावर वाचलं, तिथेच मोबाईलवर शोधलं. पिशवी मांडीवर घेऊन रिक्षात बसले, घरी आले, कुकर लावला. मला कळलंय हे कुणालाच सांगितलं नाही. आठ महिने त्यांचं नाटक, माझं नाटक. रात्री मुलगा बाहेर फोनवर रडायचा आणि मी आत घोरल्याचं सोंग करायचे.
चिमणी, तिने आधी एकदा सगळं भोगलंय. तिला 'सूज' खरी वाटली असेल? सगळं एकदम ओतू नकोस. फक्त विचार, 'आई, तुला काय वाटतंय काय झालंय?' आणि गप्प बस.
तर्रीबाज, तुमचे काका आजाराने गेले हो, कळल्यामुळे नव्हे.

तर्रीबाज
असेलही. माफ करा.

सदाशिवराव
शिधापत्रिका कुठल्या रंगाची आहे? महात्मा फुले योजनेत आता ५ लाखांपर्यंत...

चिमणी_पुणे
सोमवार झाला, थोडक्यात लिहिते. सुई तपासणी गुरुवारी. रविवारी रात्रीच कराडला आले. आई ओट्यापाशी भाजी निवडत होती. अबोलीताई, तुमचंच वाक्य विचारलं. ती मेथीची पानं खुडतच राहिली. म्हणाली, "परत आलंय ना? तुझ्या पप्पांना सांगू नकोस मला कळलंय म्हणून, त्यांना झेपायचं नाही." पप्पा बाहेर झोपाळ्यावर होते. आता त्यांना कसं सांगू ते कळत नाही.
वनौषधीप्रेमी, व्यक्तिगत निरोप पाठवू नका.

निशिगंध७२
बिलिरुबिन किती आलं ते लिहिलंच नाहीत.