रत्नागिरीला बदली झाली आहे, जूनमध्ये रुजू व्हायचंय: घर, पाऊस, मासे, सगळ्याबद्दल सल्ला हवा

मोर्णाकाठचा | ४ मे

नमस्कार मंडळी. मी अकोल्याचा, बँकेत आहे. परवा बदलीची ऑर्डर हातात पडली, रत्नागिरी. ९ जूनला रुजू व्हायचंय. आजवर समुद्र पाहिला तो दोनदा. एकदा शाळेच्या सहलीत, एकदा लग्नानंतर अलिबागला, आणि दोन्ही वेळा डिसेंबरात. घरी बायको, तिसरीत जाणारा मुलगा आणि आई. आई माळकरी आहे, तिला दोन्ही वेळ ज्वारीची भाकर लागते. मी खातो सगळं, पण आमच्याकडे मासा म्हणजे रोहू नाहीतर कटला. समुद्राच्या माशातलं ओ की ठो कळत नाही.

२२ ते २४ मे घर पाहायला येतोय. ऑफिसातले लोक दोनच गोष्टी सांगतात. "पाऊस लय आहे बाप्पा" आणि "मस्त समुद्राकाठी घर घे". याच्या पुढचं कोणी सांगा ना. कुठल्या भागात पाहू? घरमालकाला काय विचारू? आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट आहे, आणू की इथंच ठेवू? आणि तीन दिवसांत गाव थोडंफार कळेल असं काय पाहू?

सुकटबोंबील | ४ मे

अभिनंदन. कपाट आणा, छत्र्या चार आणा, आणि "लय पाऊस" हा शब्द जूनमध्ये वापरू नका. जुलैसाठी राखून ठेवा.

लातूरची_ताई | ४ मे

दादा, मी नऊ वर्षांपूर्वी लातूरहून इथे शिक्षिका म्हणून आले, तेव्हा नेमकं हेच केलं. समुद्राकाठी घर घेतलं. मांडवीला दुसरा मजला, खिडकीत समुद्र. मे महिन्यात आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तेव्हा ती रडायचीच बाकी होती. जुलैत रडायची पाळी माझी आली.

पश्चिमेची खिडकी म्हणजे पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो. खिडकी घट्ट लावली तरी चौकटीच्या खालून पाणी आत. बरणीतलं मीठ आठ दिवसांत पातळ. नवऱ्याचा चामडी पट्टा खुंटीवर होता, त्याला हिरवट लव आली, मला आधी वाटलं धूळ आहे. पण जीव गेला तो बी.एड.च्या मार्कलिस्टला बुरशी लागली तेव्हा. ट्रंकेत होती, ट्रंक भिंतीला टेकलेली. आपल्याकडे ट्रंकेत ठेवलं म्हणजे सुरक्षित, इथे उलटं. कागद प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशवीत घाला आणि ट्रंक भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. कपाटही तसंच, भिंतीला टेकवायचं नाही. सागवानी आहे तर खुशाल आणा, दरवाजे फुगून अडकतील तेवढंच, दिवाळीपर्यंत आपोआप मोकळे होतात. प्लायचं काही असेल तर अकोल्यातच विकून या. ते फुगतं आणि मग पापुद्रे सुटतात.

कपड्यांचं सांगते. जुलैत चार-चार दिवस वाळत नाहीत. एक खोली अशी हवी जिथे पंख्याखाली दोऱ्या बांधता येतील. जीन्स विसरा. चामडी बूट बँकेत ठेवा, घरून रबरी चपलेत जा. सगळे तसंच करतात, कोणी हसत नाही.

आगोट | ५ मे

ताईंनी मांडवीचं बरोबर सांगितलं, पण आधी गावाची रचना समजून घ्या. रत्नागिरीचे दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावर जुनं गाव: राम आळी, गोखले नाका, मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा. वरच्या मजल्यावर सडा, म्हणजे कातळाचं पठार. तिथे मारुती मंदिर, शिवाजीनगर, साळवी स्टॉप, नाचणे, पुढे कुवारबाव. नोकरीवाले बहुतेक वर राहतात. रेल्वे स्टेशनही तिकडेच, गावापासून बरंच बाहेर. बँक खाली असली तरी वर राहा. बाजारात, मासळीला, वाचनालयात जायला खाली उतरायचं, झोपायला वर यायचं.

घर पाहताना हे विचारा. एक, शेवटचा मजला असेल तर स्लॅबवर पत्र्याची शेड आहे का? इथे जवळजवळ प्रत्येक इमारतीवर दिसेल, बाहेरच्याला वाटतं बांधकाम अर्धवट आहे. ती नसेल तर तुमच्या छतातून तिसऱ्या आठवड्यात थेंब सुरू. दोन, नैऋत्येकडे कोणती खोली येते? ती मुलाची किंवा आईची नको. तीन, एप्रिल-मेमध्ये पाणी किती दिवसांनी येतं आणि विहीर आहे का? शहराचं पाणी शीळ धरणातून येतं आणि उन्हाळा लांबला की कपात होते. इतक्या पावसाच्या गावात पाणी कसं तुटतं हे तुम्हाला कोडं पडेल. कातळ पाणी धरून ठेवत नाही, सगळं धावत समुद्रात जातं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, अकोल्याच्या चौपट समजा, आणि मेमध्ये टँकर.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मागचा पावसाळा ज्या भाडेकरूने तिथे काढला त्याच्याशी बोला. मालकाशी नाही. मे महिन्यात कोकणातलं प्रत्येक घर सुंदर असतं.

पाखाडी | ५ मे

आगोट यांच्याशी अर्धीच सहमत. वर राहिलात तर सोय होईल, पण नाचण्याच्या इमारतीत आणि पुण्याच्या एखाद्या उपनगरात फरक काय? चार वर्षांनी बदली होऊन जाल तेव्हा रत्नागिरी पाहिली असं म्हणता येणार नाही. खाली आळीत चिऱ्याच्या भिंतीचं, मागे परस आणि विहीर असलेलं घर मिळालं तर बघाच. कौलं मेमध्ये शाकारून घेतली का एवढं विचारा. भिंती जाड, उन्हाळ्यात गार. शेजारची काकू आईला दुसऱ्या दिवशी विचारेल "कुठल्या तुम्ही?", आणि आठ दिवसांत ती तुमच्या घराण्याचा कुळाचार सांगायला लागेल.

आगोट | ५ मे

काकू विचारेल हे खरं. पण आईंना पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, निसरड्या पायऱ्या रोज चढायला लावणार का तुम्ही?

पाखाडी | ५ मे

ते आईंना विचारू या ना. मी फक्त म्हटलं बघा.

तीन दिवसांचं सांगते. पहिल्या दिवशी घरं बघू नका. सकाळी सहाला मिरकरवाड्याला जा, बोटी लागतात, लिलाव चालतो, गोंगाट असतो. वास सहन झाला तर तुम्ही टिकाल. तिथून वर रत्नदुर्ग, भगवतीचं देऊळ. तिथून एका बाजूला बंदर, एका बाजूला मोकळा समुद्र असं अख्खं गाव समजतं. संध्याकाळी थिबा पॉइंट. ब्रह्मदेशचा राजा थिबा इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवला, १९१६ मध्ये इथेच गेला. परत काही जाऊ शकला नाही. बदलीवर आलेल्या माणसाने त्याचा राजवाडा बघावाच.

दुसऱ्या दिवशी घरं. जेवायला खाणावळ शोधा, रिसॉर्ट नको. तिसऱ्या दिवशी सकाळी जिल्हा नगर वाचनालयात जाऊन सभासदत्वाचं विचारा. १८२८ पासूनचं आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी सहाला करायला दुसरं काही नसतं. वेळ उरला तर उक्षीला कातळावर कोरलेला हत्ती बघा. कोणी कोरला, कधी कोरला, नक्की सांगता येत नाही. मुलाला आवडेल.

आणि भरती-ओहोटी शिका, ॲप नको. तिथीची पाऊणपट करायची. आज षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला पूर्ण भरती. दशमीला साडेसात. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, सकाळी आणि संध्याकाळी दोन्हीकडे लागू. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. थोडं मागे-पुढे होतं, पण मुलाला घेऊन भाट्याच्या वाळूवर कधी जायचं ते कळतं. पावसाळ्यात पाण्यात पाय घालायचा नाही, गणपतीपुळ्याला आणि आरे-वाऱ्याला तर नाहीच. तिथे बुडणारे बहुतेक पाहुणे असतात, इथला माणूस जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात उतरत नाही.

सुकटबोंबील | ६ मे

मासे माझ्याकडे. तुम्ही चुकीच्या मुहूर्तावर येताय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी, तेव्हा बाजारात दिसेल तो बर्फातला, नाहीतर खाडीचा आणि गळाचा थोडाफार. तोवर सुकं खा: सोडे, सुकट, सुका बांगडा. हे सगळं मेअखेरच भरून ठेवायचं, त्या खरेदीलाच आगोट म्हणतात (वरच्या सभासदाने नाव तेवढ्यासाठीच घेतलंय).

ऑगस्टपासून अभ्यासक्रम असा. पहिले दोन महिने फक्त बांगडा. स्वस्त, काटे मोठे, कळतात. नंतर मांदेली, कुरकुरीत तळून काट्यासकट. सौंदाळे तिसऱ्या महिन्यात. पापलेट-सुरमईवर उगाच पैसे घालवू नका, ते पाहुणे आले की. विकत घेताना कल्ला उचलून बघा, आत लाल हवा. तपकिरी असेल तर हसून पुढे जा. "ताजा आहे का?" असं कोळणीला विचारू नका, कधीच. बांगड्याच्या कढीत तिरफळ घालायचं, ते चावायचं नसतं. माझ्या मेव्हण्याने चावलं होतं, तास-दीड तास जिभेला काही कळेना त्याच्या.

माळकरी मंडळींचीही चंगळ आहे. कुळथाचं पिठलं, कडव्या वालांची उसळ, फणसाची भाजी, घावणे, सोलकढी. पहिल्या पावसानंतर टाकळा, भारंगी. मेमध्ये येताय तर हापूस शेवटी-शेवटी उतरतो, पेटी घ्या, रायवळही घ्या.

मोर्णाकाठचा | ६ मे

वा. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पाखाडीताई, पाऊणपटीचा हिशोब मुलाला दिला, तो कॅलेंडर घेऊन बसलाय, अकोल्यात बसून भरती काढतोय.

दोन प्रश्न राहिले. अकोल्याहून यायचं कसं? आणि साप-विंचवाचं काय? बायको तेच विचारते आहे.

लातूरची_ताई | ६ मे

नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा असते, अकोल्याला थांबते, रत्नागिरीलाही. तिला मुदतवाढ मिळत-मिळत चाललीय, तेव्हा तारीख बघून मगच ठरवा. नाहीतर मुंबईला उतरून कोकण रेल्वे. पावसाळ्यात त्यांचं वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, वेळा बदलतात. कोल्हापूरकडून आंबा घाटाने १३० किमीच्या आसपास आहे, पण ट्रक त्या वाटेने आणायचा तर जूनच्या आधी आणा.

साप आहेत. सड्यावर फुरसं असतं, वीतभर-हातभर, दगडाच्या रंगाचं, दिसत नाही. रात्री बॅटरीशिवाय बाहेर नाही, चपलेशिवाय अंगणात नाही, बूट झटकून घालायचे. काही झालं तर मांत्रिक-बिंत्रिक नाही, सरळ सिव्हिल हॉस्पिटल. नऊ वर्षांत मी तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा ते आपल्या वाटेने गेलं.

आगोट | ७ मे

रजेचं एक. गणपतीत आणि शिमग्यात तुम्हाला रजा मिळणार नाही हे आत्ताच गृहीत धरा. सगळा स्टाफ गावी, बँक चालवणार बाहेरचे. त्या बदल्यात पोळ्याला मागून घ्या, कोणी नाही म्हणणार नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी भाडेकरूच्याही दारात येते. नारळ आणून ठेवा.

मोर्णाकाठचा | २६ मे

जाऊन आलो. सहा घरं पाहिली. पाखाडीताई, परटवण्याला एक कौलारू घर पाहिलं, मागे विहीर, फणस लगडलेला, बायको तर आतच जाऊन बसली. पण आईने पायऱ्या मोजल्या. एकतीस. म्हणाली, "मी एकदा उतरीन, मग तुम्ही मला इथंच ठेवा." शेवटी शिवाजीनगरला पहिला मजला घेतला. वर शेड आहे, नैऋत्येला स्वयंपाकघर येतं. आधीच्या भाडेकरूचा फोन मालकाने दिला नाही, म्हणून खालच्या किराणावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "बेडरूमच्या कोपऱ्यात वायच येतं पाणी, बादली ठेवा." मालक म्हणाला होता, थेंब नाही. बादली घेतली आहे.

मिरकरवाड्याला सहाला गेलो. वास सहन झाला. एका बाईंना विचारलंच, "ताजा आहे का?" सुकटबोंबील, तुमचं ऐकायला पाहिजे होतं.

सुकटबोंबील | २६ मे

काय म्हणाली ते इथे लिहू नका, धागा उडेल.

मोर्णाकाठचा | २ ऑगस्ट

बरेच दिवसांनी लिहितोय. जूनमध्ये बादली, जुलैत दोन बादल्या. मीठ पातळ झालं. कागद वाचले, कपाटाचा उजवा दरवाजा काही उघडत नाही, माझे हिवाळी कपडे आत आहेत, असू देत. काल बंदी उठल्यावरचा पहिला बांगडा आणला, मुलाने कल्ला उचलून पाहिला.

आता एकच अडचण. ज्वारी मारुती मंदिराजवळ मिळते, चांगली मिळते. पण दळून आणली की भाकरी थापताना मोडते, आणि आई म्हणते पीठ पांढरं दिसतं. गिरणीवाला म्हणतो ज्वारीच आहे.

लातूरची_ताई | २ ऑगस्ट

खरं बोलतोय तो. गिरणीत दिवसभर तांदूळच दळला जातो, जात्यात राहिलेलं पीठ तुमच्या डब्यात येतं. मलाही दोन वर्षं कळलं नव्हतं. किलो-दोन किलो नेऊ नका, पाच किलो एकदम न्या आणि पहिलं किलोभर वेगळ्या पिशवीत घ्या, त्याचे घावणे होतात. आणि पीठ आठ दिवसांत संपेल एवढंच, सप्टेंबरपर्यंत त्याला जाळी धरते. साळवी स्टॉपकडे आपल्या बाजूची बरीच घरं आहेत. आईंना म्हणावं तिकडच्या बायकांना विचारा, कोणत्या गिरणीत कोणत्या वारी ज्वारी लावतात ते त्यांना माहीत असतं.