न कळवता पेन्शन बंद करायचा अधिकार सरकारला कुणी दिला?

खानापूरकर : कर्नाटक सरकारच्या संध्या सुरक्षा पेन्शन योजनेत 65 वर्षांवरच्या गरीब माणसाला महिन्याला 1,200 रुपये मिळतात. आमच्या बेळगाव सीमाभागात, जांबोटी-कणकुंबीकडं पोरं गोव्याला नाहीतर पुण्याला कामाला आहेत, आणि घरातली म्हातारी माणसं ह्या पगारावर गोळ्या-औषधं नि तेल-मीठ भागवतात. तो एखाद्या महिन्यात अचानक थांबतो. बँकेत विचारलं की 'वरूनच आला नाही', नाडकचेरीत (महसूल कार्यालयात) 'आधार लिंक बघा', ग्रामवन सेवा केंद्रात 'सर्व्हर डाऊन'. पडताळणी जरूर करा, पण आधी कळवा आणि निर्णय होईपर्यंत पैसे चालू ठेवा. संशय सरकारला, उपास म्हातारीला, हे मला मान्य नाही.

शहापूरचा : पटत नाही. मयत माणसांच्या नावावर पैसे उचलले गेलेत हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. निर्णय होईपर्यंत चालू म्हणजे त्यांचंही चालूच. सीमेवर तर एक कार्ड कर्नाटकातल्या निपाणीत, दुसरं महाराष्ट्रातल्या कागलात अशी घरं आहेत. आणि मनीऑर्डरचे दिवस विसरू नका. पोस्टमनच्या हातावर काही टेकवल्याशिवाय आमच्या आजीला पूर्ण रक्कम कधी मिळाली नाही. खात्यात थेट जमा व्हायला लागल्यावरच ते थांबलं.

निपाणीची लेक : मृत्यूची नोंद कोण ठेवतं हो? सरकारच ना? मग ती नोंद बघून मयताचं नाव काढायचं सोडून जिवंत माणसानं आपण जिवंत असल्याचा पुरावा घेऊन का हिंडायचं? आमच्याकडं बायकांनी जन्मभर विड्या वळल्या. बोटांच्या रेषा झिजल्यात, मशीन अंगठा घेत नाही. त्यांनी कुणाला फसवलंय? थेट खात्यात पैसे ही चांगलीच गोष्ट, त्याला माझा विरोध नाही. अंगठा उठला नाही तर पुढं काय, हे कुणी ठरवलंच नाही, राग त्याचा आहे.

येळ्ळूरकर : मूळ दुखणं भाषेचं आहे. मोबाईलवर मेसेज कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये, नाकारल्याचं कारणही कन्नडमध्ये. जिथं अल्पसंख्य भाषिक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथं सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्रानं 1956 लाच मान्य केलंय. मराठीत कागद मिळाला असता तर निम्मे लोक वेळेत गेले असते.

शहापूरचा : बैलहोंगल, सौंदत्तीला जाऊन बघा. तिथल्या कन्नड म्हाताऱ्यांचाही पगार असाच अडकतो. प्रत्येक गोष्टीत भाषा आणली की जी माणसं आपल्यासोबत मोर्चाला आली असती तीही लांब जातात.

येळ्ळूरकर : त्यांचा अडकतो हे खरं. पण कारण तरी त्यांना वाचता येतं. मराठीत कागद मागितला म्हणून त्यांचं काय जातं?

शहापूरचा : बरं, कागद मराठीत द्या. पण सरकार काहीच देत नाही असं म्हणू नका. ऑगस्ट 2023 पासून गृहलक्ष्मी योजनेत घरातल्या कर्त्या बाईला महिन्याचे 2,000 रुपये घरोघरी आलेत.

निपाणीची लेक : आलेत, आणि त्यावर कितीतरी घरं उभी आहेत, म्हणून तर हप्ता चुकला की कंबरडं मोडतं. फेब्रुवारी आणि मार्च 2025 चे हप्ते जमा झाले नाहीत, हे मंत्र्यांना डिसेंबरच्या अधिवेशनात मान्य करावं लागलं, तेही आपल्याच बेळगावात, सुवर्ण विधानसौधात. तोवर इथल्या बाया 'माझंच खातं बिघडलंय' म्हणून बँकेत रांगा लावत होत्या. पैसे नव्हते तर तसं सांगायचं. तेवढ्यानं निदान रिक्षाचं भाडं वाचलं असतं.

खानापूरकर : शहापूरच्या मित्राचं एक मी घेतो, खोटी नावं निघालीच पाहिजेत. मग असं करा. ज्यांची पेन्शन थांबवायची त्यांची यादी कारणासकट, कन्नड आणि मराठीत, महिनाभर आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. मयत कोण, जिवंत कोण, हे गाव एका दिवसात सांगेल. आणि सरकारी सेवा वेळेत देण्याच्या सकाल कायद्यात उशिराला दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, भरपाई आहे. चुकून बंद केलेल्या पेन्शनलाही तीच लावा, थकबाकीसकट.

शहापूरचा : यादीला माझा पाठिंबा. भरपाई मात्र अधिकाऱ्याच्या पगारातून कापणार असाल तरच.