बहिऱ्या झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला मोकळं सोडावं का?

ओसरीवरची:
आमचा टिप्या १३ वर्षांचा. वर्षभरापासून बेल वाजली तरी उठेना, हाक मारली तरी ढिम्म. आम्हाला वाटलं, म्हातारपणी हट्टी झालाय. मग एक दिवस मी त्याच्या खाण्याचा डबा उघडला. त्या झाकणाच्या 'टक्' आवाजाला हा घरात कुठेही असला तरी धडपडत यायचा. त्या दिवशी पाठ करून पडला होता, त्याचा कानसुद्धा हलला नाही. झाकण हातात धरून मी तशीच उभी राहिले.

डॉक्टरांनी कान तपासले. मळ नाही, संसर्ग नाही. वयामुळे आतल्या कानातल्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत, म्हणाले.

आता वादाचा मुद्दा. टिप्या जन्मभर मैदानात मोकळा हुंदडलाय. गेल्या आठवड्यात वास घेत घेत रिव्हर्स घेणाऱ्या गाडीच्या थेट मागे जाऊन उभा राहिला. माझं मत, यापुढे कायम पट्टा. नवरा म्हणतो, उरलेली दोन-तीन वर्षं त्याला दोरीला बांधून काढायला लावायची का? तुम्ही काय कराल?

भटक्या:
मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने. कान गेलेत, नाक शाबूत आहे, आणि कुत्र्याचं निम्मं जग नाकात असतं. आमच्या कुत्रीला १२व्या वर्षी हाताच्या खुणा शिकवल्या. हात वर म्हणजे थांब, मांडीवर थाप म्हणजे ये. आठवड्याभरात शिकली. तशीही ती आयुष्यभर आमच्या तोंडापेक्षा हातांकडेच जास्त बघत आली होती. पुढे मैदानात दर वीस पावलांवर वळून बघायची.

कडू कारलं:
वळून बघायची, मान्य. पण मांजर दिसल्यावर बघायची का? तुमची खूण चालते ती त्याने मान वळवली तरच. जाणारा कुत्रा थांबवायला आवाज लागतो, आणि तोच आता उरलेला नाही.

भटक्या:
मांजर दिसल्यावर ऐकू येणारे कुत्रेही थांबत नाहीत हो!

रात्रपाळी:
:) पण एक गोष्ट कोणी बोललं नाही. कान एकदम जात नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून बारीक शिट्टी चुकते आणि जाड आवाजातली हाक पोचते. आपण म्हणतो, "याला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं."

शिवाय दोन्ही कान सारखेच जातील असं नाही. आवाज कुठून आला हे कळायला दोन्ही कान लागतात. आमच्या म्हाताऱ्याला हाक मारली की तो लगेच पळायचा, पण उलट्या दिशेला! आम्ही हसायचो. एकदा हॉर्न ऐकून तो गाडीच्याच दिशेने सरकला, तेव्हा हसू पळालं. पूर्ण बहिऱ्यापेक्षा हा अर्धवट बहिरा मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण आपण गाफील राहतो. माझं मत पट्ट्याला.

घरी तपासताना टाळी वाजवू नका. हवेचा झोत किंवा हाताची हालचाल कळली तरी कुत्रा वळतो आणि आपण खूश होतो. नक्की कळायचं तर प्रत्येक कानाची वेगळी 'बेअर' चाचणी असते. तीत आवाज ऐकवून मेंदूपर्यंत जाणारे विद्युत संकेत मोजतात. सगळीकडे होत नाही.

नवा गडी:
थरथरणारा पट्टा मिळतो की. बटण दाबा, कुत्रा येतो. वाद संपला.

कडू कारलं:
येत नाही, दचकतो. थरथर झाली की लगेच खाऊ, असं कितीतरी दिवस घरात करावं लागतं; मग कुठे 'थरथर म्हणजे माझ्याकडे बघ' हे डोक्यात बसतं. आणि विजेचा झटका देणारा पट्टा चुकूनही घेऊ नका. आधीच बिचाऱ्याला कळत नाही काय चाललंय.

माईआजी:
तुम्ही सगळे मैदानातच अडकलात. आमच्याकडे धोका घरात होता. नातवाने झोपलेल्या कुत्र्याला मागून मिठी मारली आणि तो गर्रकन वळून दात लावून बसला. रागीट नव्हता, घाबरला होता. तेव्हापासून नियम केला: आधी नाकाशी हात न्यायचा, वासाने डोळे उघडले की मग खांद्यावर हळूच हात. मुलांनी झोपेत त्याला शिवायचंच नाही.

ओसरीवरची:
माईआजी, हे आजपासूनच.
उलट्या दिशेला पळणं वाचून चरकले. टिप्याला कधीमधी हाक ऐकू आलीच तर तो हेच करतो, आणि आम्ही त्याचे व्हिडिओ काढलेत. मोकळं सोडणं बंद. १० मीटरची दोरी आणली. काल मैदानात निम्मा वेळ ती माझ्याच पायात होती. टिप्याने पूर्वीसारखंच प्रत्येक झुडूप हुंगलं. नवरा बाकावर फुगून बसला होता.

भटक्या:
कुंपण असलेली जागा सापडली तर तिथे तरी सोडा हो त्याला.

ओसरीवरची:
तेवढं कबूल.

रात्रपाळी:
दोरी गळपट्ट्याला लावली असेल तर काढा. १० मीटर धावून हिसका बसला की म्हाताऱ्या मानेला लागतं. छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला लावा.

ओसरीवरची:
अरे देवा, गळ्यालाच लावलीय. संध्याकाळच्या फेरीआधी बदलते.