सल्ला हवा: ग्रीन कार्डवर ४ जुलैच्या निदर्शनांना जाताना काय काळजी घ्यावी? (बजेट २५० डॉलर)

मृद्गंध_न्यूजर्सी
नमस्कार मंडळी. आम्ही मध्य जर्सीत राहतो. माझ्या ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली, आता एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) भरायचा आहे. लेक सोळा वर्षांची, जन्म इथलाच, म्हणजे ती नागरिक. देशाला २५० वर्षं होताहेत म्हणून ४ जुलैला गावात परेड आहे आणि परेड संपल्यावर टाऊन हॉलसमोर निदर्शनं आहेत. सरकारी माणसांनी तोंड झाकून लोकांना रस्त्यावरून उचलणं आणि कुणी काय लिहिलं-बोललं यावरून व्हिसा रद्द करणं, याविरुद्ध. लेकीला जायचंच आहे. तिला एकटीला पाठवायचं नाही, आणि मलाही मनापासून जायचंय.

फोन आपलाच न्यावा की स्वस्तातला दुसरा घ्यावा? ग्रीन कार्ड जवळ ठेवावं की झेरॉक्स? वकिलाशी आधी बोलावं का, आणि किती घेतात? सगळं मिळून २५० डॉलर खर्च करू शकते. एन-४०० चे ७१० (ऑनलाइन) वेगळे काढून ठेवलेत, त्यांना हात लावायचा नाही.

मधुकर_पार्सिपनी
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जाऊच नका. आम्ही या देशात आलो तेव्हा मान खाली घालून काम केलं, दोन घरं केली, मुलं डॉक्टर झाली. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आधी नागरिकत्वाची शपथ, मग निळा पासपोर्ट, मग काय करायचं ते करा.

सह्यकडा
फोनबद्दल सांगतो. मी नवा पिक्सेल घेतला आणि त्यावर गुगलविरहित सिस्टिम टाकून घेतली. साधारण ६०० ला पडलं. सोबत सिग्नल रोखणारं पाऊच ४० डॉलर. डोळे झाकून घ्या.

मृद्गंध_न्यूजर्सी
@सह्यकडा, बजेट २५० आहे हो.

सह्यकडा
बजेट वाढवा. सुरक्षेवर कंजुषी करू नये.

हडसनकाठ
नवा फोन कशाला? आहे त्याच फोनवर चेहरा आणि बोट दोन्हीचं लॉक काढा, लांबलचक पासकोड ठेवा. बोट लावायला भाग पाडता येतं का यावर कोर्टांचं एकमत नाही, पासकोड सांगायला लावणं त्या मानाने अवघड. अटक झाली तरी फोन उघडून बघायला पोलिसांना वॉरंट लागतं, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये रायली खटल्यात एकमताने सांगितलंय. आणि रस्त्यावर उघडपणे काम करणाऱ्या पोलिसांचं चित्रीकरण करणं हा हक्क आहे. आपल्या भागाच्या थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टाचा २०१७ चा फिलाडेल्फियाचा निकाल आहे. फक्त अंतर राखून करा, कामात अडथळा आणू नका.

कोकणी_मेवा
वॉरंट वगैरे गावात. विमानतळावर काय? मागच्या वर्षी भारतातून येताना माझा फोन घेऊन गेले, चार तास बसवून ठेवलं, पुढचं विमान गेलं ते गेलंच. ग्रीन कार्ड दाखवलं तरी उत्तर नाही. एक माणूस नीट बोलला नाही.

हडसनकाठ
सीमेवरचा नियम वेगळा आहे, तिथे वॉरंटशिवाय फोन बघतात. फोनमध्ये असलेलंच बघायचं, क्लाउडवरचं नाही, असं त्यांचंच धोरण आहे. म्हणून उतरण्याआधी फोन पूर्ण बंद करावा. पण ताईंचा प्रश्न टाऊन हॉलचा आहे.

अवनी_अ
स्की गॉगल घ्या, चांगल्यातला. माझा १८० चा आहे, अश्रुधूर सोडला तर डोळ्यांना थोडा आडोसा होतो. २०२० मध्ये फिलाडेल्फियात होते, तेव्हा बाकीच्यांचे हाल बघितलेत. आणि कॉन्टॅक्ट लेन्स अजिबात घालू नका.

सातारी_कंदी
आम्ही १० लाख डॉलरची अम्ब्रेला पॉलिसी (घर-गाडीच्या विम्यावरचा जादा विमा) घेतली आहे. प्रत्येकाने घ्यावी. एजंटचा नंबर व्यनित (खाजगी निरोपात) देतो.

मृद्गंध_न्यूजर्सी
मंडळी, कार्डाचं कुणी सांगेल का?

मधुकर_पार्सिपनी
झेरॉक्स न्या. मूळ कार्ड हरवलं तर नव्या कार्डासाठी आय-९० अर्ज भरावा लागतो, ऑनलाइन भरला तरी ४१५ डॉलर.

नीलमोहोर
काका, चुकीचं सांगताय. अठरा वर्षांवरच्या ग्रीन कार्डधारकाने मूळ कार्ड कायम जवळ ठेवायचं असा कायदाच आहे, न ठेवणं गुन्हा आहे. झेरॉक्स घरी, मूळ कार्ड जवळ. लेकीला काहीच बाळगायची सक्ती नाही, ती नागरिक आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे अजून कुणी लिहिलं नाही: भीतीने किंवा गडबडीत ‘मी नागरिक आहे’ असं चुकूनही म्हणू नका. नागरिकत्वाचा खोटा दावा केला तर या देशाचं दार जवळजवळ कायमचं बंद होतं, त्याला माफी फारशी नाही. गप्प राहा, पण खोटं बोलू नका. गप्प राहायचं तेही तोंडाने सांगून: ‘मी काही बोलणार नाही, मला वकील हवा.’ नुसतं गप्प बसलं तर हक्क बजावला असं धरत नाहीत, सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल आहे. कशावरही सही करायची नाही.

मधुकर_पार्सिपनी
मी तीस वर्षं पाकिटात झेरॉक्स ठेवत होतो, कुणी विचारलं नाही.

नीलमोहोर
तेव्हा विचारत नव्हते, काका. आता विचारतात.

डेट्रॉइटचा_दिनू
मी नेहमी मूळ कार्ड बाळगतो. झेरॉक्स नको. (वर कुणी लिहिलंय का माहीत नाही, सगळं वाचलं नाही.)

पोटोमॅक
पकडतात ते विद्यार्थ्यांना. ग्रीन कार्डवाल्याला कोण हात लावतंय?

हडसनकाठ
महमूद खलीलकडे ग्रीन कार्डच होतं. ८ मार्च २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये त्याच्या इमारतीतून उचललं आणि लुइझियानात ठेवलं. सुटला २० जूनला. मधल्या काळात मुलाचा जन्म झाला, तेव्हा त्याला तिथे जाऊ दिलं नाही. गुन्ह्याचा आरोप एकही नव्हता. टफ्ट्स विद्यापीठाची रुमेसा ओझतुर्क विद्यार्थिनी व्हिसावर होती. तिने इतरांबरोबर विद्यापीठाच्या वर्तमानपत्रात लेख लिहिला होता, तेवढ्यावर रस्त्यात गाठून नेलं, सहा आठवडे आत. दोघांनाही बाहेर काढलं ते न्यायाधीशांनी. धोका खोटा नाही आणि कोर्टही मेलेलं नाही, दोन्ही एकदम खरं आहे.

पोटोमॅक
पण परदेशी माणसाने दुसऱ्याच्या देशात येऊन सरकारविरुद्ध ओरडावंच का? ज्याचं खातो त्याच्याशी इमान नको?

गदरवाला
दुसऱ्याचा देश? तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे इथे शिकायला आला आणि गदर पक्षात गेला. हा पक्ष सॅन फ्रान्सिस्कोतून ‘गदर’ नावाचं वर्तमानपत्र छापत होता. पिंगळे परत गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फाशी गेला, करतारसिंग सराभाबरोबर. ब्रिटिशांविरुद्ध जे पुण्यात छापता येत नव्हतं ते तेव्हा इथे छापता येत होतं. त्याच अमेरिकेने १९२३ मध्ये भगतसिंग थिंडला ‘तू गोरा नाहीस’ म्हणून नागरिकत्व नाकारलं, तेही तिच्या सैन्यात राहिलेल्या माणसाला. भारतीय माणसाला इथलं नागरिक होण्याचा हक्क मिळाला १९४६ मध्ये. तो भांडूनच मिळाला. आज आपण एन-४०० भरतो तो त्या भांडणाच्या जिवावर.

पोटोमॅक
ते स्वातंत्र्यलढ्याचं होतं. हे वेगळं.

रेवती_के
भारतात काय चाललंय तेही बोला मग!

प्रशासक
भारतातल्या राजकारणासाठी वेगळा धागा काढा. इथले पुढचे तसे प्रतिसाद उडवले जातील.

अण्णा_केंटकी
पोटोमॅक, मला बोलू द्या. माझे वडील आणीबाणीत मिसाखाली येरवड्यात होते. मी तेव्हा शाळेत. शेजारी बोलायचे बंद झाले, दुकानदार उधारी देईना. वडिलांनी देशाविरुद्ध काही केलं नव्हतं, सभेत भाषण केलं होतं. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या, पुढे त्यांनाही तुरुंगात टाकलं. त्या देशद्रोही होत्या का? इथल्या युजीन डेब्जने १९१८ मध्ये कँटन, ओहायोत युद्धाविरुद्ध भाषण केलं, त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० ची अध्यक्षपदाची निवडणूक तुरुंगातून लढला आणि नऊ लाखांवर मतं घेतली. देशावर प्रेम नसतं तर माणूस एवढं कशाला सोसेल? सरकार म्हणजे देश नव्हे.

मृद्गंध_न्यूजर्सी
अण्णा, धन्यवाद. लेकीला वाचून दाखवलं.

अजून एक विचारते. ती वर्गात प्लेजच्या (झेंड्यासमोरच्या प्रतिज्ञेच्या) वेळी जागेवर बसून राहते. या वर्षी एकदा ऑफिसात पाठवलं आणि ‘निदान उभी तरी राहा, सैनिकांचा अपमान होतो’ असं सुनावलं. मुकाट्याने ऐकून घ्यायचं का?

मधुकर_पार्सिपनी
उभं राहायला काय होतं? दोन मिनिटांचं काम.

हडसनकाठ
काका, काय होतं ते ऐका. १९४० मध्ये सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं की मुलांनी झेंड्याला सलाम करायलाच हवा. त्यानंतर धर्मामुळे सलाम न करणाऱ्या यहोवा विटनेस पंथाच्या लोकांना गावोगाव मारहाण झाली. तीनच वर्षांनी वेस्ट व्हर्जिनियाच्या बार्नेट खटल्यात कोर्टाने स्वतःचा निकाल फिरवला. तारीख १४ जून १९४३, म्हणजे झेंड्याचा दिवस, आणि महायुद्ध ऐन भरात. पोरं आघाडीवर मरत असताना न्यायमूर्ती जॅक्सन यांनी लिहिलं की राजकारणात, राष्ट्रप्रेमात, धर्मात योग्य काय हे कुठलाही अधिकारी, लहान असो वा मोठा, ठरवून देऊ शकत नाही. सैनिकांचा अपमान होईल असं तेव्हा कोर्टाला वाटलं नाही.

‘निदान उभी राहा’ याचं उत्तर तर खास जर्सीचं आहे. उभं राहायची सक्ती करणारा जर्सीचा कायदा थर्ड सर्किटने १९७८ मध्ये लिप विरुद्ध मॉरिस खटल्यात रद्द केला. मुख्याध्यापकांना दोन ओळींचं नम्र पत्र द्या, खटल्याचं नाव घाला. बहुतेक तिथेच मिटेल.

अवनी_अ
टिंकरही सांगा तिला! मेरी बेथ टिंकर तेरा वर्षांची होती, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध काळी फीत बांधून शाळेत गेली, निलंबित झाली. १९६९ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी जिंकली.

सह्यकडा
झेंडा उलटा धरून नेऊ नका मात्र. उगाच डोक्यात जातं लोकांच्या.

गदरवाला
उलटा धरणं कायदेशीर आहे. जाळणंसुद्धा, सुप्रीम कोर्टाचा १९८९ चा टेक्सास विरुद्ध जॉन्सन निकाल, पाच विरुद्ध चार मतांनी.

सह्यकडा
कायदेशीर आहे म्हणून करायलाच हवं का?

गदरवाला
मी करा म्हणालो नाही. करता येतं म्हणालो.

(यापुढचे अकरा प्रतिसाद ‘झेंडा आणि आपण’ या धाग्यावर हलवले आहेत. – प्रशासक)

नीलमोहोर
वकिलाचं राहिलं. इमिग्रेशनच्या वकिलाने आमच्याकडून पहिल्या भेटीचे साडेतीनशे घेतले. सगळे एवढे घेत नाहीत, पण चौकशी केल्याशिवाय जाऊ नका. तुमच्या कामाचा मुद्दा आत्ताच सांगते: एन-४०० मध्ये ‘कधी अटक झाली का, ताब्यात घेतलं का, समन्स मिळालं का’ असं विचारतात. आरोप मागे घेतला तरी लिहावं लागतं, कोर्टाचा दाखला जोडावा लागतो. म्हणून फुटपाथवर उभं राहा, रस्ता अडवू नका, आणि पोलिसांनी पांगायला सांगितलं की त्या क्षणी निघा. अटका बहुतेक त्या हुकुमानंतर होतात. नॅशनल लॉयर्स गिल्ड या वकिलांच्या संघटनेचे निरीक्षक भडक हिरव्या टोप्या घालून असतात, ते कुठे आहेत बघून ठेवा. त्यांच्या मदतवाहिनीचा नंबर दंडावर पक्क्या मार्करने लिहा. मार्कर दोन डॉलर. नागरिकत्वाचा अर्ज मात्र मी तुमच्या जागी असते तर आधी भरला असता, शपथ उरकली असती आणि मग गेले असते.

डेट्रॉइटचा_दिनू
+१. आधी शपथ.

सातारी_कंदी
+१. शिवाय पॉलिसीचं बघा.

कोकणी_मेवा
+१. शपथ झाल्यावर विमानतळावरसुद्धा परत पाठवू शकत नाहीत.

मृद्गंध_न्यूजर्सी
सगळ्यांचे आभार. आमचं ठरलं. आम्ही जातोय, ४ जुलैलाच, अर्ज भरायच्या आधी. नवरा पलीकडच्या पार्किंगमध्ये गाडीत थांबेल, त्याच्याकडे सगळी कागदपत्रं. दुसरा फोन घेणार नाही आणि आपलाही नेणार नाही, दोघींचे फोन घरी. दंडावर दोन नंबर, खिशात मूळ कार्ड, पाणी, टोपी. पांगायला सांगितलं की निघायचं, हे लेकीने कबूल केलंय. गॉगल नाही. उरलेल्या पैशांत वकिलाची अर्ध्या तासाची भेट, एकीने १५० सांगितलेत.

शपथेचा मजकूर मी वाचलाय. त्यात अध्यक्षाचं नाव नाही, पक्षाचं नाही. राज्यघटनेचं रक्षण करीन, शत्रू बाहेरचा असो वा आतला, असं आहे. ती शपथ घ्यायला मिळावी म्हणून तोवर तोंड मिटून बसायचं, हे मला जमणार नाही. बहुतेकांचं मत उलट आहे आणि ते काळजीपोटी आहे, हे कळतं.

मधुकर_पार्सिपनी
पटलं नाही. पण परेडचा रस्ता दहापासून बंद असतो, गाडी आधी लावा. आणि बोर्डाला काठी लावू नका, काही गावांत चालत नाही, टाऊन क्लार्कला फोन करून विचारा.

सह्यकडा
फोन न नेणं ही मोठी चूक आहे. चित्रीकरण कोण करणार?

ऑस्टिनकर_नवा
धाग्यात आधीही विचारणार होतो. माझा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. मी जाऊ का आमच्याकडच्या निदर्शनांना?

नीलमोहोर
तुमचं गणित वेगळं आहे. भाषणस्वातंत्र्य तुम्हालाही आहे, इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही ते असल्याचं सुप्रीम कोर्टाने १९४५ मध्ये ब्रिजेस खटल्यात म्हटलंय. पण व्हिसा रद्द करायला त्यांना अटकही लागत नाही, आणि नोकरी, घर, बायको-मुलांचा दर्जा सगळं त्या एका शिक्क्यावर उभं असतं. वकिलाशी बोलल्याशिवाय जाऊ नका. तोवर दोन गोष्टी करता येतात. सरकार नवा नियम आणतं तेव्हा फेडरल रजिस्टरमध्ये (सरकारी राजपत्रात) हरकती मागवतं, तिथे नागरिक नसलेल्यालाही लिहिता येतं आणि त्यातल्या महत्त्वाच्या मुद्द्यांना खात्याला उत्तर द्यावं लागतं. दुसरं, तुमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीच्या ऑफिसला फोन करा. मत नसलं तरी तुम्ही त्यांच्या भागात राहता, कर भरता. ओझतुर्क प्रकरणात मी पत्र लिहिलं होतं, त्याचा मसुदा उद्या इथे टाकते.