पेन प्लॉटर: पडद्यावर भरीव, कागदावर पोकळ

शाईचा_डाग
इंकस्केपमध्ये (रेघा-आकारांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) पोस्टर केलंय. वर जाड देवनागरी मथळा, खाली एकामागे एक लपलेल्या डोंगररांगा. पडद्यावर झकास दिसतं. कागदावर पेनाने रेघा काढणाऱ्या प्लॉटरने मात्र अक्षरं पोकळ काढली, शिरोरेषेत जागोजागी उभ्या चिरा, आणि मागच्या डोंगरांच्या रेघा पुढच्यांच्या अंगावरून गेल्या. शिवाय पेन एक रेघ इथे, दुसरी पार पलीकडे असं भटकत बसतं. 'ऑब्जेक्ट टू पाथ' (अक्षरांचं रेघांच्या आकारात रूपांतर) केलेलं आहे. ०.३ मिमी जेल पेन, ए४ कागद. काय राहिलं?

बोरू
व्ह्यू मेनूतून डिस्प्ले मोड 'आउटलाइन' करा. तिथे दिसेल तेच कागदावर येणार. बाकीचं रेघोटी सांगतीलच, त्यांना राहवणार नाही.

रेघोटी
नाहीच राहवत.

प्लॉटरला पेन कुठे टेकवायचं, कुठवर न्यायचं आणि कधी उचलायचं एवढंच कळतं. भराव, जाडी, पुढचं-मागचं हे सगळं तुमच्या पडद्याचे लाड.

आधी चिरा. फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षराची शिरोरेषा स्वतंत्र असते आणि फट दिसू नये म्हणून शेजारणीत किंचित घुसवलेली असते. भरीव रंगात ते खपून जातं. नुसत्या कडा काढल्या की प्रत्येक सांध्यावर उभ्या रेघा उघड्या पडतात. शब्द अनग्रुप करा, सगळी अक्षरं निवडा, पाथ मेनूतून 'युनियन'. शब्द एकसंध होतो.

भरीवपणासाठी हॅचिंग, म्हणजे आत जवळजवळ समांतर रेघा. ०.३ च्या पेनाला रेघांमधलं अंतर ०.२५ मिमी ठेवलं की काळं भरतं. हॅच कडेपासून अर्ध्या टोकाएवढी आत घ्या, नाहीतर अक्षर फुगतं. पण मला विचाराल तर ०.६ ची तिरकी हॅच टाका. काळाकुट्ट मथळाच हवा असेल तर प्रिंटर आहे की.

बारीक मजकूर असेल तर हॅच विसरा, तिथे एकरेघी अक्षरं लागतात. इंकस्केपमधलं 'हर्शी टेक्स्ट' ज्यांच्या नावाचं आहे त्या हर्शींनी १९६७ च्या सुमारास अशीच अक्षरं बसवली होती, पण त्यात देवनागरी मिळणार नाही. मी नेहमीच्या फॉन्टमधला शब्द फिकट करून खालच्या लेयरवर लॉक करतो आणि पेन टूलने मधोमध गिरवतो. शिरोरेषा अक्षरागणिक काढायची नाही. आधी सगळी अक्षरं, मग शब्दावर एक सलग रेघ, थ, ध, भ आले की तेवढी तोडून. कंटाळवाणं आहे, पण हातच्या अक्षराचा डौल येतो.

डोंगरांना पांढरा भराव देऊन काही लपत नाही. डोंगर वेगळ्या फाइलीत काढा, प्रत्येक बंद आकार ठेवा, बाजू आणि तळ कागदाबाहेर जाऊ द्या. मग व्हीपाइपमध्ये (प्लॉटरसाठी फाइल तयार करणारं कमांड-लाइन साधन) ऑकल्ट प्लगइन चालवा, झाकलेल्या रेघा खरोखर कापल्या जातात. त्यानंतर क्रॉपने कागदाबाहेरचं छाटा, म्हणजे तळाच्या रेघाही गेल्या. एक खोच आहे: व्हीपाइप फाइल वाचतानाच कागदाच्या कडेवर कापतं आणि बंद आकार उघडे पडतात, म्हणून 'रीड'ला 'नो-क्रॉप' द्या. शेवटी लाइनमर्ज आणि लाइनसॉर्ट, याच क्रमाने. आधी तुकडे सांधले की मग रांग लावायला अर्थ. पेनाचं भटकणं तिथे संपतं.

बोरू
०.६ ची हॅच ही यांची जुनी आवड आहे, नियम नाही. जाड, गुळगुळीत कागदावर ०.२५ छान भरतं. पातळ कागदाची मात्र लव उठते आणि ती जेलच्या टोकात अडकते. आणि जेल पेन टेकतं तिथे ठिपका सोडतं, म्हणून लाइनमर्जनंतर 'रीलूप'ही घाला. बंद आकारांची सुरुवात वेगवेगळ्या जागी जाते, ठिपके एका ओळीत दिसत नाहीत.

शाईचा_डाग
मथळा युनियनने सुटला, हॅच ०.४ ठेवली (दोघांचा मान राखला). डोंगरही लपले, पण मधली एक रांग अजून पारदर्शकच आहे, मागचं सगळं तिच्यातून दिसतं.

रेघोटी
ती रांग उघडी आहे. भराव दिला की उघडा पाथही बंद असल्यासारखा दिसतो, म्हणून नजरेतून सुटतं. नोड टूलने तिचं पहिलं आणि शेवटचं टोक निवडा, 'जॉइन सिलेक्टेड एंडनोड्स विथ अ न्यू सेगमेंट' करा आणि ऑकल्ट पुन्हा चालवा, पण मूळ फाइलीवर. कापलेल्या फाइलीत बंद आकार आता उरलेले नसतील.