रोडिओला घेताय? चालू गोळ्या आधी सांगा
ताई, रोडिओलाबद्दल ‘ही चिनी मुळी सर्ट्रालीनइतकीच गुणकारी’ असं लिहिलंत, तिथं जरा थांबा. सर्ट्रालीन म्हणजे नैराश्यावरची गोळी. रोडिओलाची पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची चाचणी (२०१५) नैराश्याच्या फक्त ५७ जणांवर, १२ आठवडे झाली. मुळी, सर्ट्रालीन आणि औषध नसलेली गोळी, तिन्ही गटांत ठोस फरक दिसलाच नाही! दुष्परिणाम मात्र मुळीवाल्यांत ३० टक्के, सर्ट्रालीनवाल्यांत ६३. हे खरंच मोलाचं.

आमच्या धरमपेठेतल्या मामींनी ‘झाडपालाच तर आहे ना बाप्पा’ म्हणत नैराश्याच्या चालू गोळ्यांसोबत ही मुळी सुरू केली. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. दोन्हींमुळे सेरोटोनिन (मेंदूतलं एक रसायन) वाढून जिवावर बेतू शकतं. गोळ्या परस्पर बंद करणंही तितकंच वाईट.

बाकी, मुळी नुसती चिनी नाही. लडाखात ‘सोलो’ म्हणून तिच्या पाल्याची भाजी खातात.