१९४१ मध्ये जपानने अमेरिकेऐवजी रशियावर हल्ला केला असता तर? (टोपणनावांनी झालेली एक चर्चा)

रणधुमाळी: २२ जून १९४१ रोजी जर्मनीने रशियावर आक्रमण केले, तेव्हा जपानचे परराष्ट्रमंत्री मात्सुओका यांनी, अवघ्या दहा आठवड्यांपूर्वी मॉस्कोत स्वतःच सही केलेला तटस्थतेचा करार गुंडाळून ठेवून सैबेरियात घुसावे, असा आग्रह धरला होता. २ जुलैला सम्राटांसमोर झालेल्या बैठकीत मात्र दक्षिणेचा, म्हणजे आग्नेय आशियाकडे सरकण्याचा, मार्ग ठरला. मात्सुओकांचे ऐकले असते, तर पर्ल हार्बर टळून मॉस्को पडले असते का?

जुना नकाशा: जपानी लष्कराने हा विचार वाऱ्यावर सोडला नव्हता. मांचुरियातील जपानी फौजेचे, म्हणजे क्वांतुंग सेनेचे, बळ त्या उन्हाळ्यात सुमारे ७ लाखांपर्यंत नेण्यात आले. रशियाचे पूर्वेकडील सैन्य जर्मन आघाडीकडे जाऊन निम्म्यावर आले की हात घालायचा, पर्सिमनचे फळ पिकून गळण्याची वाट पाहायची, असा हिशेब होता. फळ काही पिकले नाही. शिवाय १९३९ मध्ये मंगोलियाच्या सीमेवर नोमोनहानला रशियन सेनानी झुकोव्ह यांच्याकडून खाल्लेला मार ताजाच होता. लोहमार्ग सुमारे ६५० किलोमीटर मागे राहिलेला असताना हजारो मालमोटारींनी दारूगोळा आणि इंधन पुरवणारा हा शत्रू होता. ९ ऑगस्टला त्या वर्षापुरता बेत सोडण्यात आला. (जपान हल्ला करणार नाही, या टोकियोतील रशियन हेर झोर्गेच्या बातमीमुळेच सैबेरियाच्या डिव्हिजन मॉस्कोला आल्या, हे अर्धसत्य आहे. त्यांतील अनेक आधीच हलल्या होत्या.)

हिशेबनीस: आपण दोघांनीही तेलाचा विचार केलेला नाही. जपानचे सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येत असे आणि सैबेरिया जिंकून हाती लागले असते ते लाकूड, बर्फ आणि उत्तर साखालिनमधले थोडेसे तेल. दैवदुर्विलास असा, की दाचिंगचे प्रचंड तेलक्षेत्र जपानच्याच ताब्यातील मांचुरियात होते, पण ते सापडले १९५९ मध्ये! प्रश्नकर्त्याच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की अमेरिकेची तेलबंदी दक्षिण इंडोचीनमध्ये सैन्य उतरवल्यामुळे ओढवली. ते पाऊल टाकले नसते, तर तेलवाहू जहाजे काही काळ येत राहिली असती. तथापि रशियाच्या पाठीत वार करणाऱ्या जपानला रूझवेल्ट फार दिवस तेल विकत राहिले असते, असे मला वाटत नाही.

पूर्वा: दक्षिणेची मोहीम झालीच नसती, तर सिंगापूर पडले नसते, तेथील युद्धकैद्यांतून आझाद हिंद सेना उभी राहिली नसती, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंगालला येत राहिला असता आणि मार्च १९४४ मध्ये मराठा पलटणीला मणिपुरातील सांगशाकच्या टेकडीवर पाण्यावाचून झुंजावे लागले नसते.

रणधुमाळी: तेलाचा मुद्दा मान्य. पण हल्ला फसला असता, तरी व्लादिवोस्तोक बंदर बंद पडले असते. अमेरिकेने रशियाला पाठवलेल्या मालापैकी वजनाने जवळजवळ निम्मा माल पॅसिफिकमार्गे, रशियन निशाण लावलेल्या जहाजांतून, जपानच्या नाकासमोरून गेला. तेव्हा मॉस्को पडले असते का, याऐवजी या मालावाचून रशियाने स्टालिनग्राडनंतरची दोन वर्षे कशी काढली असती, हे मी विचारायला हवे होते.